टोकियो डिस्नेला सहकुटुंब जाताना : आधी पाय मोजा, मग राईड

दुपारचे तीन वाजले होते. साडेचार वर्षांचे चिरंजीव माझ्या खांद्यावर लाळ गाळत झोपले होते, सासूबाई बाकावर बूट काढून बसल्या होत्या, आठ वर्षांची लेक "फक्त तीनच राईड झाल्या" असं दर पाच मिनिटांनी ऐकवत होती आणि नवरा फोनमध्ये डोकं खुपसून १४० मिनिटांची रांग बरी की ११० मिनिटांची, याचा हिशेब करत होता. टोकियो डिस्नेलँडमधला आमचा हा पहिला दिवस. त्यासाठी मी तीन आठवडे खपून तासातासाचा तक्ता केला होता. तक्त्यात सतरा राईड होत्या, सासूबाईंचे गुडघे नव्हते.

चार दिवसांनी दुसऱ्या पार्कात गेलो तेव्हा तक्ता केलाच नाही. फक्त सहा गोष्टी ठरवल्या. त्यातल्या पाच झाल्या आणि रात्री साडेआठला बाहेर पडताना कोणी रडत नव्हतं, कोणी कोणावर रुसलेलं नव्हतं. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना आमचा पहिला दिवस टाळून थेट दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करता यावी, म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी जागा समजून घ्या

नाव टोकियो असलं तरी ही जागा शेजारच्या चिबा प्रांतातल्या उरायासू शहरात आहे, तीही समुद्रात भर घालून काढलेल्या जमिनीवर. म्हणजे समुद्राचं वारं आलंच, आणि ते नोव्हेंबरात काय करतं ते पुढे सांगते. इथे दोन वेगळी पार्क आहेत. टोकियो डिस्नेलँड १५ एप्रिल १९८३ ला उघडलं. अमेरिकेबाहेरचं ते पहिलं डिस्ने पार्क. टोकियो डिस्नेसी ४ सप्टेंबर २००१ ला उघडलं. दोन्ही ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी चालवते. तिकीट एका पार्काचं, एका दिवसाचं असतं. सकाळी इथे आणि दुपारी तिथे अशा बेताने जाऊ नका.

लहान मुलं असतील आणि एकच दिवस हातात असेल तर डिस्नेलँड. सपाट जमीन, किल्ला, मिरवणुका, छोट्यांच्या भरपूर राईड. डिस्नेसी दिसायला जास्त देखणं आहे. मधोमध ज्वालामुखी, भोवती बंदरं, पूल, गल्ल्या. पण तिथे चढउतार आहेत आणि चालणं जास्त पडतं. मोठ्यांना ते हमखास आवडतं. सासूबाईंना डिस्नेसीच आवडलं, कारण तिथे बोटीत नुसतं बसून हिंडता येतं.

पहिली पायरी : तारीख

मी कॅलेंडर काढलं, शनिवार-रविवार टाळले, जपानच्या राष्ट्रीय सुट्ट्या टाळल्या आणि १४ नोव्हेंबर पक्का केला. गेटवर पोहोचलो तर शाळकरी पोरांचा महापूर. संध्याकाळी कळलं की १४ नोव्हेंबर हा शेजारच्या सैतामा प्रांताचा 'प्रांतदिन' असतो आणि तिथल्या बऱ्याच शाळांना सुट्टी असते. राष्ट्रीय सुट्ट्यांच्या यादीत तो सापडणारच नाही. असाच चिबाचा १५ जून, इबाराकीचा १३ नोव्हेंबर आणि खुद्द टोकियोचा १ ऑक्टोबर. हे चार दिवस वहीत लिहून ठेवा आणि टाळा.

बाकी टाळायचे काळ सर्वांना ठाऊक आहेत : एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक नावाचा सुट्ट्यांचा आठवडा, ऑगस्टच्या मध्यातले ओबोन या पितरांच्या सणाचे दिवस, नववर्षाचा आठवडा आणि मार्चअखेरची शाळांची वसंत सुट्टी. जून ते जुलैचा मध्य पावसाचा. जुलै-ऑगस्टात पारा ३५ अंशांपर्यंत जातो, वर दमटपणा. मुलांच्या शाळेमुळे मे महिनाच हातात असेल तर निदान गोल्डन वीक संपू द्या. आठवड्यात मंगळवार ते गुरुवार बरे. सोमवारही फसवतो, कारण शनिवार-रविवारी शाळेत कार्यक्रम झाला की पोरांना सोमवारी भरपाईची सुट्टी मिळते.

आणखी एक. विमानातून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी पार्क ठेवू नका. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. तिथे सकाळी सहाला उठायचं म्हणजे आपल्या शरीराच्या हिशेबाने रात्रीचे अडीच. मोठी माणसं चहावर तरून जातात, मुलं जात नाहीत.

दुसरी पायरी : तिकीट

तिकिटं दोन महिने आधी, जपानच्या वेळेनुसार दुपारी दोनला, म्हणजे भारतात सकाळी साडेदहाला ऑनलाइन खुली होतात. दर दिवसाच्या गर्दीप्रमाणे बदलतो. आम्ही गेलो तेव्हा मोठ्यांना ७,९०० ते १०,९०० येन, १२ ते १७ वयाला ६,६०० ते ९,००० आणि ४ ते ११ वयाला ४,७०० ते ५,६०० येन असा पट्टा होता. ३ वर्षांपर्यंत तिकीट नाही. महागाच्या दिवशी गर्दीही जास्त, हे गृहीत धरा. दरांचं कॅलेंडर हाच गर्दीचा सगळ्यात प्रामाणिक अंदाज आहे. माझ्या तारखेला दर चढा होता. ते मला दिसलं होतं, पण मी त्याकडे काणाडोळा केला.

तारीख नंतर बदलता येते, पण पैसे परत मिळत नाहीत. म्हणून आधी व्हिसा हातात येऊ द्या. आमचं पहिलं कार्ड तीनदा नाकारलं गेलं, दुसरं चाललं. तेव्हा दोन कार्डं जवळ ठेवा आणि दोन्हींवर परदेशी व्यवहार सुरू करून घ्या.

संध्याकाळची स्वस्त तिकिटंही असतात : शनिवार-रविवारी आणि सुट्टीला दुपारी तीनपासून, इतर दिवशी पाचपासून. ज्यांना राईडपेक्षा दिवे आणि मिरवणूक बघायची आहे अशा आजी-आजोबांसाठी हा उत्तम पर्याय. आम्ही हे उशिरा शिकलो.

तिसरी पायरी : राहायचं कुठे, जायचं कसं

पार्काच्या आवारातल्या हॉटेलांत राहिलात तर दुपारी मुलांना झोपवून परत येता येतं, आणि डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांतल्या पाहुण्यांना इतरांपेक्षा १५ मिनिटं आधी आत सोडतात. खिशाला झेपत असेल तर दोन दिवसांपैकी एक रात्र तिथे काढावी. आम्हाला झेपत नव्हतं. आम्ही टोकियोत उएनोला राहिलो.

मग ट्रेन. स्टेशनचं नाव माइहामा, जेआर म्हणजे जपान रेल्वेची केइयो लाइन. टोकियो स्टेशनपासून पंधरा मिनिटं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे. कोणी सांगत नाही ते असं की टोकियो स्टेशनात केइयो लाइनचे फलाट एका टोकाला, जमिनीखाली खोल आहेत. इतर फलाटांवरून तिथे पोहोचायला सरकते पट्टे धरूनही दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. पहिल्या दिवशी पार्कात पाऊल टाकण्याआधीच सासूबाईंचे गुडघे इथे खर्ची पडले.

यावरचा उपाय म्हणजे हाच्चोबोरी स्टेशन. उएनोहून हिबिया मेट्रो लाइन थेट हाच्चोबोरीला जाते आणि तिथेच केइयो लाइन मिळते. युराकुचो लाइनवर राहत असाल तर शिन-किबाला बदला. हॉटेल निवडतानाच हा विचार करा, त्याने रोजची अर्ध्या तासाची पायपीट वाचते. दोन्ही विमानतळांवरून थेट पार्काच्या दारात येणाऱ्या बसही आहेत. सामान घेऊन येणाऱ्यांनी ट्रेनच्या भानगडीत पडू नये.

माइहामाला उतरलात की डिस्नेलँड चालण्याच्या अंतरावर आहे. डिस्नेसीसाठी मोनोरेल आहे. तिला वेगळं भाडं पडतं, पण खिडक्या मिकीच्या आकाराच्या असल्याने मुलांसाठी तीच पहिली राईड ठरते.

चौथी पायरी : घरीच उंची मोजा

ही पायरी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. दाराच्या चौकटीवर पेन्सिलची खूण करा, सेंटीमीटर कागदावर लिहा आणि तो आकडा मुलालाही सांगा.

आमचा मुलगा १०१ सेंटीमीटर. बिग थंडर माउंटनची अट १०२. मला वाटलं होतं एका सेंटीमीटरचं कोण बघतं? बघतात. दारावरची मुलगी गुडघ्यांवर बसली, त्याला पट्टीशेजारी उभं केलं, पुन्हा एकदा नीट उभं केलं आणि इतक्या मनापासून माफी मागितली की वाद घालायची सोयच उरली नाही. हुज्जत घालू नका. सुरक्षेच्या पट्ट्या त्या उंचीच्या हिशेबाने बनवलेल्या असतात.

ठळक अटी अशा. डिस्नेलँडमध्ये स्प्लॅश माउंटन ९० सेंटीमीटर, बिग थंडर १०२. डिस्नेसीमध्ये सोअरिंग, टॉवर ऑफ टेरर आणि पीटर पॅनची राईड १०२. इंडियाना जोन्स, पृथ्वीच्या पोटात नेणारी 'जर्नी' आणि रेजिंग स्पिरिट्स ११७. अट नसलेल्यांत विनी द पूहची राईड चुकवू नका. २००० सालची आहे, पण तिच्यातले मधाचे बुधले रुळांशिवाय स्वतःच्या मर्जीने गिरक्या घेत फिरतात. चिरंजीवांच्या मते तीच 'खरी गाडी'.

एक मूल उंचीत बसतं, दुसरं नाही, अशा घरांसाठी आलटून-पालटून बसायची सोय आहे. एक मोठा माणूस लहानाजवळ थांबतो, दुसरा राईड करून येतो, मग पहिला पुन्हा सगळी रांग न लावता आत जातो. मात्र हे रांगेत शिरण्याआधी दारावरच्या कर्मचाऱ्याला सांगायचं. इथे कर्मचाऱ्यांना 'कास्ट' म्हणतात. जपानी येत नसेल तर मुलाकडे बोट दाखवा आणि दोन बोटांनी अदलाबदलीची खूण करा. आम्हाला तेवढं पुरलं.

पाचवी पायरी : फोनमध्ये काय हवं

टोकियो डिस्ने रिसॉर्टचं अॅप घरीच उतरवून घ्या. ते इंग्रजीतही आहे. सगळ्यांची तिकिटं एकाच फोनवर जोडून गट करा. रांगांच्या वेळा, लांब रांग टाळायचे पास, जेवणाची ऑर्डर, नकाशा सगळं त्यातच असतं. त्यामुळे इंटरनेट अखंड हवं आणि बॅटरी दुपारी दोनपर्यंत दम तोडते. पॉवर बँक एक नव्हे, दोन.

आता आमचा मूर्खपणा. मी जपानचं सिम घातलं आणि घरचं सिम एका पाकिटात घालून हॉटेलच्या तिजोरीत ठेवलं. किती नीटनेटकी बाई! पार्कात शिरून पास विकत घ्यायला गेले तर कार्डाचा ओटीपी त्या तिजोरीतल्या सिमवर. नवऱ्याच्या फोनवर दुसरं कार्ड जोडेपर्यंत ज्या राईडसाठी आलो होतो तिचे पास संपले. घरचं सिम रोमिंगवर, फोनमध्येच राहू द्या. शक्य असेल तर जपानसाठी ई-सिम घ्या.

पास दोन तऱ्हेचे. डिस्ने प्रीमियर अॅक्सेस विकतचा. माणशी, राईडमागे साधारण १,५०० ते २,५०० येन, आणि ४ वर्षांवरच्या प्रत्येकाला वेगळा. दुसरा प्रायॉरिटी पास, हा फुकट, पण मोजक्या राईडवर. दोन्ही पास पार्कात शिरल्यावरच अॅपवरून घेता येतात आणि त्यावर ठरावीक तासाभराची वेळ मिळते. कोणत्या राईडला कोणता पास, ही यादी बदलत राहते. आदल्या रात्री अॅपमध्ये बघून ठेवा.

विकतचा पास घ्यावा का? पाच जणांचं कुटुंब, दोन राईड, म्हणजे एका जेवणाहून मोठा खर्च. माझं मत असं : दिवसाला एकच घ्या, आणि ज्यांना ती राईड खरोखर हवी आहे त्यांच्यापुरताच. डिस्नेसीत आम्ही सोअरिंगचे तीन पास घेतले : मी, लेक आणि सासूबाई, तिघींचे मिळून ६,००० येन. सासूबाई आधी "मला कशाला" म्हणाल्या. उंचावरून देशोदेशींच्या नद्या-डोंगर दिसायला लागले तेव्हा त्यांनी माझा हात धरला होता. बाहेर आल्यावर विचारतात, "परत बसता येईल का गं?"

सहावी पायरी : सकाळचा पहिला तास

दार बहुतेक नऊला उघडतं असं लिहिलेलं असतं, गर्दीच्या दिवशी थोडं आधीही उघडतं. रांग साडेसातपासूनच लागते. पिशव्या तपासतात. काचेच्या बाटल्या आणि कॅन चालत नाहीत, पाण्याची प्लास्टिकची बाटली चालते. सेल्फी स्टिक लांब करून वापरायला मनाई आहे.

आत शिरल्या शिरल्या लोक पळतात. पळू नका, कास्ट ओरडत नाहीत पण हात जोडून थांबवतात, त्याची जास्त लाज वाटते. एकाने बाजूला उभं राहून फोनवर पास घ्यावा, बाकीच्यांनी बाबागाडीच्या काउंटरकडे जावं.

बाबागाडी. हा शब्द अधोरेखित करा. "आमचा आता मोठा झाला, चालतो तो" असं मीही म्हणाले होते. पहिल्या दिवशी न घेतल्याची किंमत माझ्या खांद्याने मोजली. चालत्या मुलासाठीही भाड्याची बाबागाडी घ्या. झोप, पिशव्या, जॅकेट सगळं तिच्यात मावतं. राईडबाहेर सगळ्या गाड्या एकसारख्या दिसतात आणि कास्ट त्या सरकवून नीट ओळीत लावतात, म्हणून दांड्याला रंगीत रुमाल बांधा. व्हीलचेअरही भाड्याने मिळते. सासूबाईंना ती सुचवायची हिंमत झाली नाही. तुमच्या घरात होत असेल तर सुचवा.

पहिला तास रांगा सगळ्यात छोट्या असतात, त्यामुळे सर्वांत हवीशी राईड तेव्हाच. डिस्नेसीत फँटसी स्प्रिंग्ज हा ६ जून २०२४ ला उघडलेला नवा भाग आहे आणि सकाळी जवळजवळ सगळा जनसागर तिकडेच वळतो. तुमच्या मुलीला 'फ्रोझन'मधल्या बर्फाच्या राणीचा ध्यास असेल तर तुम्हालाही जावं लागेल. नसेल तर त्या गर्दीत शिरू नका. आम्ही अरबी बंदरात सिंदबादच्या बोटीत बसलो. जवळजवळ रांग नाही, उंचीची अट नाही, पाण्यातून संथ प्रवास, भरपूर हलत्या बाहुल्या. चिरंजीवांनी लागोपाठ दोनदा केली.

रांगेचा एक नियम आपल्या लोकांना जड जातो. एकाने पुढे उभं राहायचं आणि बाकीच्यांनी मागून येऊन मिळायचं, हे इथे चालत नाही. सगळ्यांनी एकत्रच रांगेत शिरायचं. मूल मध्येच शी-शू म्हणालं तर कास्टला सांगून बाहेर जा. पण त्यापेक्षा दर रांगेआधी सगळ्यांना स्वच्छतागृहात पाठवा, आलेली असो वा नसो. स्वच्छतागृहं भरपूर आणि चकचकीत आहेत.

सातवी पायरी : पोट

शाकाहारी घरांनी हा भाग दोनदा वाचावा. जपानी स्वयंपाकात दाशी नावाचं पाणी असतं, ते बहुधा माशाचं. भाजीची करी म्हणून जे दिसतं त्यात मांसाचा अर्क असू शकतो. वर मांस दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी, असा अर्थ लावू नका. 'निकु' म्हणजे मांस, 'साकाना' म्हणजे मासा. हे दोन शब्द आणि नकाराची मान एवढ्यावर सासूबाईंनी चार दिवस काढले. अॅलर्जीवाल्यांसाठी वेगळे पदार्थ असतात, पण ते शाकाहारी असतीलच असं नाही. अॅपमध्ये प्रत्येक उपाहारगृहाचे पदार्थ चित्रांसह दिसतात. आदल्या रात्री दोन जागा हेरून ठेवा.

घरचा डबा आत खायला परवानगी नाही. प्रवेशद्वाराबाहेर बसून खायची जागा केलेली आहे. बाहेर जाऊन पुन्हा आत येता येतं, त्यामुळे दुपारी तिथे जेवून परतणं सहज जमतं. निघताना गेटवर परत येणार असल्याचं सांगायचं.

जेवायची वेळ बारा ते दीड सोडून कोणतीही. अकराला जेवा किंवा दोनला. फोनवरून आधी ऑर्डर देऊन ठरल्या वेळी उचलायची सोय काही ठिकाणी आहे, ती सोन्यासारखी. बसून जेवायच्या उपाहारगृहांत जागा एक महिना आधी, जपानच्या सकाळी दहाला खुल्या होतात, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसहा. गजर लावा.

पॉपकॉर्नबद्दल थोडं विषयांतर. इथे तो खाऊ नाही, संप्रदाय आहे. प्रत्येक गाडीवर वेगळी चव असते आणि लोक गळ्यात रंगीबेरंगी डबे अडकवून हिंडतात. डबा एकदा घेतला की पुन्हा भरून घेणं स्वस्त पडतं. लेकीने तो हट्टाने घ्यायला लावला. मी कुरकुरले. परतीच्या विमानात त्यात दोघांचे रंगीत खडू होते.

आठवी पायरी : दुपार

पहिला दिवस इथेच फसला. एक ते चार हा सगळ्यात गर्दीचा, सगळ्यात थकव्याचा वेळ आणि आम्ही त्यातच सगळ्यात लांब रांगा लावल्या. दुसऱ्या वेळी दीड ते साडेतीन एकही रांग लावायची नाही असं ठरवलं. डिस्नेसीत मर्मेड लगून नावाचा भाग बराचसा छताखाली आहे, समुद्राच्या तळाशी गेल्यासारखा निळसर उजेड. मुलगा बाबागाडीत झोपला, लेक तिथल्या छोट्या राईडवर बागडली, सासूबाईंनी मोजे काढून पाय पसरले. मग बंदरातल्या बोटीने पार्काला वळसा. डिस्नेलँडमध्ये हेच काम जुन्या वाफेच्या इंजिनाची छोटी आगगाडी करते, किंवा मिकीच्या फिलहारमॅजिकसारखा बसून बघायचा खेळ.

खरेदीही याच वेळात उरका. रात्री दुकानांत शिरायला रांग लागते.

दुपारी गर्दीत मूल हातातून सुटू शकतं. नावाची घोषणा होईल या भरवशावर राहू नका. जवळच्या कास्टला तत्काळ सांगा, ते आपसांत निरोप फिरवतात. मुलाच्या आतल्या खिशात तुमचा चालू नंबर, देशाच्या कोडसकट, लिहिलेली चिठ्ठी हवी, आणि सकाळीच काढलेला त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो तुमच्या फोनमध्ये.

जमीन हलली तर घाबरू नका. जपानात बारीक धक्के नेहमीचे. राईड थांबतात, तपासणी होते, मग सुरू होतात. कास्ट सांगतील तसं खाली बसायचं.

नववी पायरी : संध्याकाळ

नोव्हेंबरच्या मध्यात टोकियोत साडेचारलाच सूर्य मावळतो. दिवसा एका शर्टात फिरणारी मुलं पाच वाजता समुद्राच्या वाऱ्याने कुडकुडायला लागतात. टोपी, जॅकेट आणि जास्तीचे मोजे बाबागाडीच्या तळाशी. जॅकेट पार्कात विकत घ्यायला गेलात तर त्यावर मिकी असतो आणि किंमतीत मिकीचा वाटाही.

मिरवणुकीसाठी लोक आधीपासून चटई टाकून बसतात. अगदी पुढची जागा धरण्याचा हट्ट नको. पुढच्या ओळींना खालीच बसावं लागतं आणि मुलाला खांद्यावर घेता येत नाही. तरीही बसलेल्यांच्या डोक्यांवरून तिसऱ्या-चौथ्या ओळीतूनही छान दिसतं. पाऊस आला तर छत्री उघडू नका, मागच्यांना काही दिसत नाही. स्वस्त रेनकोट शंभर येनच्या दुकानातून आधीच घ्या. पावसात डिस्नेलँडची रात्रीची मोठी मिरवणूक रद्द होते, पण कधी तिच्याऐवजी पावसासाठीची छोटी मिरवणूक निघते. जोराच्या वाऱ्याने आतषबाजी आणि पाण्यावरचे खेळही रद्द होतात. मुलांना सकाळीच "झालं तर" असं सांगून ठेवा, "रात्री फटाके आहेत" असं नको.

आमची सहावी, न झालेली गोष्ट म्हणजे टॉय स्टोरीची राईड. सात वाजता तिची रांग ९० मिनिटांची होती. लेकीने माझ्याकडे बघितलं, मग आजीकडे, आणि म्हणाली, "त्यापेक्षा बोट परत." आम्ही पुन्हा बंदरातल्या बोटीत बसलो. काळ्या पाण्यात दिवे हलत होते आणि पलीकडे बंदरात रात्रीचा खेळ सुरू झाला होता. तो आम्हाला फुकटात, बसल्या जागी, अर्धा दिसला.

परतताना

खेळ संपला की सगळे एकदम बाहेर पडतात. एक तर वीस मिनिटं आधी निघा, नाहीतर अर्धा तास आतच बसून राहा. माइहामा स्टेशन आणि डिस्नेलँड यांच्यामध्ये बाँ व्हॉयाज नावाचं मोठं दुकान आहे. तिथे पार्काचं तिकीट लागत नाही. राहिलेली खरेदी, किंवा पार्कात न आलेल्या कोणासाठी भेटवस्तू, तिथेच घ्या.

ट्रेनमध्ये पाचही जण झोपू नका. कोणी जागं राहायचं हे माइहामालाच ठरवा. आम्ही ठरवलं नाही, त्यामुळे हाच्चोबोरी झोपेत मागे गेलं आणि जाग आली ती शेवटच्या स्टेशनला, टोकियोला. मग तीच जमिनीखालची लांबलचक वाट, तेच सरकते पट्टे, उलट्या दिशेने. बाबागाडी पार्कातच परत केलेली. चिरंजीव पुन्हा माझ्या खांद्यावर.